हिऱ्याचें पाणी

जवाहिऱ्याच्या पेढीवर हिरा दाखविला जातो तो बहुधा काळ्या मखमलीवर, झगझगीत दिव्याखालीं. तेथें प्रत्येक हिरा दंवबिंदूसारखा स्वच्छ भासतो. घेणाऱ्या गृहस्थाला दोन हिऱ्यांत कांहींच भेद दिसत नाहीं. त्यांच्या किंमतींत मात्र मोठें अंतर असतें. हें अंतर पुष्कळदां हिऱ्याच्या ‘पाण्या’चें, म्हणजे त्याच्या रंगहीनतेचें असतें.

हिरा हा मूळचा कर्ब. त्याच्या स्फटिकांत नत्राचे अणू शिरलेले असले, म्हणजे ते प्रकाशांतील निळा अंश शोषून घेतात आणि हिऱ्यावर पिवळसर छटा येते. गोवळकोंड्याच्या कांहीं विख्यात हिऱ्यांत नत्र जवळजवळ नाहींच. त्यांच्या निर्मळपणाचें रहस्य हेंच होय.

ही छटा मोजावी कशी? पूर्वीं व्यापारी ‘रिव्हर’, ‘वेसल्टन’, ‘केप’ अशीं नांवें वापरीत. पैकीं वेसल्टन ही दक्षिण आफ्रिकेंतील एक खाण, तर केप हा तेथील पूर्वीचा प्रांत. कोणी ए, बी, सी हीं अक्षरें लावीत; परंतु एकाचा ‘ए’ दुसऱ्याच्या ‘ए’शीं जुळेलच, असा नेम नसे. १९३१ सालीं स्थापन झालेल्या ‘जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका’ या संस्थेनें १९५३ च्या सुमारास नवी श्रेणी रूढ केली, ती या गोंधळास कंटाळूनच. बदनाम झालेलीं पहिलीं तीन अक्षरें सोडून तिनें ‘डी’पासून आरंभ केला. डी, ई, एफ हे रंगहीन. जी ते जे हे जवळजवळ रंगहीन. के ते एम यांत अंधुक छटा. आणि पुढें झेडपर्यंत पिवळेपणा वाढत जातो.

परीक्षा करण्याची रीतही तितकीच काटेकोर आहे. हिरा कोंदणांत नसावा. त्याचा सपाट माथा खालीं करून, तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर, ठराविक शुभ्र प्रकाशांत ठेवतात आणि बाजूनें पाहतात. कारण समोरून पाहिल्यास पैलूंच्या चमकेंत छटा लपून जाते. शेजारीं श्रेणी ठरलेले नमुन्याचे हिरे असतात. मनुष्याच्या डोळ्याला रंग आठवत नाहीं, त्याला केवळ तुलना करतां येते, हें या रीतीचें मर्म आहे.

फसवणुकीचे मार्गही आहेत. कडेला निळ्या शाईचा सूक्ष्म स्पर्श केला, कीं पिवळेपणा झांकला जातो. स्वच्छ धुतल्यावर तो पुन्हा उघडा पडतो. कांहीं हिरे उन्हांतील अदृश्य किरणांनीं स्वभावतःच निळसर उजळतात आणि आहेत त्याहून शुभ्र भासतात. हा मात्र निसर्गाचा खेळ, विक्रेत्याचा दोष नव्हे.

म्हणून घेणाऱ्यानें सुटा हिरा पांढऱ्या कागदाच्या घडींत पालथा ठेवून खिडकीशीं, पण थेट ऊन टाळून पाहावा. शेजारीं श्रेणी ठाऊक असलेला दुसरा हिरा मागावा. आणि विक्रेत्याशीं संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचें प्रमाणपत्र पाहावें. पिवळ्या सोन्याच्या कोंदणांत बसवावयाचा असेल, तर ‘डी’चा हट्टही धरूं नये. सोन्याची पिवळी झांक हिऱ्यांत उतरते; तेथें ‘डी’ आणि ‘एच’ यांतील भेद घरांतील कोणासही सहसा ओळखूं येत नाहीं. बोटांतील अंगठीवर अक्षर कोरलेलें नसतें. पैसे मात्र त्या अक्षराचेच मोजावे लागतात.