टिपणांची साखळी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या बहुतेक घरी कोणी ना कोणी वडीलधारे टिपणे ठेवीत असतात. कोणाची वही असते, कोणाची रोजनिशी, तर कोणाच्या मोबाइलमध्ये शेकडो नोंदी. परंतु लिहिणारा गेला की त्या नोंदी मुक्या होतात. कारण कोणती गोष्ट कशाशी निगडित आहे, हे केवळ त्याच्याच ध्यानात असते.

या बाबतीत जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुहमान (१९२७–१९९८) यांची पद्धत मननीय आहे. त्यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्या लिहिल्या. एका चिठ्ठीवर एकच विचार, प्रत्येकीस स्वतंत्र क्रमांक आणि तिच्यावरच संबंधित चिठ्ठ्यांचे क्रमांक. विचारास फाटा फुटला की १ व २ या चिठ्ठ्यांमध्ये १अ घालावयाची. जुनी मांडणी मोडण्याचे कारणच नाही. या साठ्याच्या आधारे त्यांनी विपुल ग्रंथरचना केली.

आज हेच काम संगणकावर सुलभ झाले आहे. ऑब्सिडियनसारख्या साधनात दुसऱ्या टिपणाचे शीर्षक दुहेरी चौकोनी कंसांत लिहिले की दुवा तयार होतो, आणि त्या टिपणावरून मागेही येता येते.

समजा, ‘आजोबांनी गाव सोडले’ असे एक टिपण आहे. त्यास ‘१९७२ चा दुष्काळ’ हे टिपण जोडावे आणि दुष्काळास ‘१९७७ चा रोजगार हमी कायदा’. म्हणजे घरची हकीकत महाराष्ट्राच्या इतिहासात आपली जागा घेते. मात्र प्रत्येक दुव्यापाशी तो का जोडला, हे एका वाक्यात अवश्य लिहावे. एरवी नातवाला धागा दिसेल, पण अर्थ उमगणार नाही.

तीन पथ्ये पाळावीत. उतारे जमविण्यापेक्षा स्वतःच्या शब्दांत लिहावे. टिपणे साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवावीत, म्हणजे एखादे साधन बंद पडले तरी ती वाचता येतील. आणि त्यांची एक प्रत निराळ्या ठिकाणी जपावी.

तरुण मित्रांनो, संगणक तुमच्या हाती आहे, आठवणी वडिलांपाशी आहेत. पुढील संमेलनापूर्वी आपल्या घरच्या एका वृद्धाजवळ बसून दहा टिपणे लिहा व ती एकमेकांस जोडा. हे काम वडील हयात असतानाच होऊ शकते, एवढे ध्यानात ठेवावे.