खमिराची भिंत आणि शरीराचा पहारा



पाव फुगविणारे खमीर म्हणजे सजीव पेशींचा समुदाय. प्रत्येक पेशीभोवती भिंत असते आणि ती बव्हंशी साखरेच्या लांब साखळ्यांची. त्यांतील एका साखळीस बीटा-ग्लुकन म्हणतात. मनुष्यदेह ही साखळी मुळीच तयार करीत नाही. ती आढळली की परका आत शिरला, एवढे शरीर ओळखते.

आमची हयात गिरणीच्या दरवाजावर सभा घेण्यात गेली, म्हणून दृष्टान्तही तेथलाच सुचतो. दरवान दोन प्रकारचे. एक जुन्या चोराचा चेहरा लक्षात ठेवतो. लस टोचल्यावर बनणारी प्रतिद्रव्ये या जातीची. दुसरा चेहरा पाहतच नाही. छातीवर बिल्ला नाही ना, मग धरा! हा दुसरा दरवान रक्तात आहे, हे अमेरिकेत क्लीव्हलँड येथील लुई पिलेमर यांनी १९५४ साली मांडले. खमिराच्या भिंतीपासून काढलेले झायमोसान नावाचे चूर्ण त्यांनी रक्तजलात घातले, तेव्हा त्यातील पूरक प्रथिने त्यावर खर्ची पडली. या कामी लागणाऱ्या नव्या प्रथिनास त्यांनी प्रॉपर्डिन हे नाव दिले. पंडितांना ते पटेना. १९५७ साली पिलेमर वारले. पुढल्याच वर्षी रॉबर्ट नेल्सन यांनी लिहिले की, यात नवे काही नाही, हा प्रतिद्रव्यांचाच खेळ. पिलेमर यांची बाजू खरी ठरण्यास १९७० च्या आसपासचा काळ उजाडावा लागला. मजूर गेल्यावर निकाल त्याच्या बाजूने लागावा, असले दावे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत!

असो. भक्षक पेशींच्या अंगावरील डेक्टिन-१ हे प्रथिन बीटा-ग्लुकनला धरते, हे २००१ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांनी दाखविले.

येथवर विज्ञान. २०२० च्या साथीनंतर मात्र ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ म्हणणारे डबे कामगारवस्तीतही आले. रोजंदारीवरचा माणूस विचारतो, “भाऊ, हे घेऊ का?” आम्ही त्याला उंदराची गोष्ट सांगतो. तेच झायमोसान उंदराच्या सांध्यात टोचले की सांधा सुजतो. संधिवाताचा अभ्यास करण्यासाठी शास्त्रज्ञ ते मुद्दाम टोचतात. पहारा नुसता वाढला म्हणजे भले झाले, असे नाही. गिळलेल्या चूर्णाची गोष्ट टोचलेल्यासारखी नव्हे, हे खरे. पण मग टोचून मिळालेल्या गुणांची जाहिरात गिळण्याच्या डब्यावर कशाला? त्या पैशांत घरात डाळ येते.

मग डबा उलटा करून आम्ही मागची बारीक अक्षरे त्याला वाचून दाखवितो. आपल्या देशातील नियमाने अशा पूरक आहारावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असे छापावे लागते. ते बहुधा इंग्रजीत असते.