लहान महाविद्यालयाचे दफ्तर

महाविद्यालयाचे दफ्तर म्हणजे त्याच्या रोजच्या कारभारातून साठत गेलेले कागद. जनरल रजिस्टर, हजेरीपट, फीपावत्यांच्या स्थळप्रती, सभांची इतिवृत्ते, आवक-जावक नोंदवह्या, वसतिगृहाचा जमाखर्च, डेडस्टॉक रजिस्टर, वार्षिक नियतकालिक हे सगळे त्यात येते. नियतकालिक सोडले तर यातले काहीच कोणाला वाचून दाखवण्यासाठी लिहिलेले नसते, आणि म्हणूनच त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत काय सांगायचे हे आधी ठरते. कारकून रकाने भरतो तेव्हा त्याला तसे काही ठरवायचे नसते.

जनरल रजिस्टरची एकच ओळ पाहावी. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, कॉलेज सोडल्याची तारीख आणि शेवटी कारण. त्या शेवटच्या रकान्यात ‘नोकरी लागल्यामुळे’, ‘विवाह झाल्यामुळे’, ‘घरगुती अडचणीमुळे’ असे दोन-तीनच शब्द असतात. चाळीस वर्षांच्या ओळी एकाखाली एक लावल्या की तालुक्यातल्या मुली कॉलेजात केव्हा येऊ लागल्या, १९७२ च्या दुष्काळात किती मुलांनी मधेच शिक्षण सोडले, कोणत्या गावातून पहिला विद्यार्थी कोणत्या वर्षी आला, हे मोजून सांगता येते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. पुढे गावोगाव फाटे फुटत गेले, तशी दूरची मुले कॉलेजात कशी येऊ लागली, याचा मागही जन्मगावाच्या रकान्यावरून लागतो. असा तपशील दुसऱ्या कोणत्याही कागदात सहसा सापडत नाही.

साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली सुरू झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेचे हे कॉलेज. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर गरिबांची मुले तिथे अंगमेहनत करून पदवीपर्यंत पोचली. अशा योजनेत कोणी किती तास काम केले आणि त्याचे किती पैसे फीकडे वळते झाले, हा हिशेब कोणीतरी लिहावाच लागतो. तत्त्वाची माहिती भाषणांतून आणि चरित्रांतून टिकते. राबणाऱ्या मुलांची नावे मात्र त्या हिशेबाच्या वहीतच असतात.

दफ्तर शोधणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १९४७ साली साताऱ्याचे कॉलेज मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते, १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते तिकडे गेले आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे आले. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ चे. त्याचा प्रवास मुंबई, पुणे आणि १९९० नंतर जळगावचे विद्यापीठ असा झाला. मराठवाड्यातल्या कॉलेजांचा १९५८ पर्यंत हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संबंध होता. म्हणजे परीक्षेचे निकाल आणि संलग्नतेचा पत्रव्यवहार निरनिराळ्या शहरांत विखुरलेला असतो आणि सलग धागा मिळतो तो कॉलेजच्या स्वतःच्या फायलींतच. सरकारी पुराभिलेखागार प्रामुख्याने सरकारी कागद सांभाळतात. खाजगी संस्थेच्या कॉलेजचे रजिस्टर एकदा रद्दीत गेले की त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते.

कागद लावताना विषयवार वाटणी करायचा मोह आवरावा लागतो. ज्या कचेरीत कागद निर्माण झाला, तिच्याच नावाखाली आणि तिने लावलेल्या क्रमानेच तो ठेवायचा, हा पुराभिलेखशास्त्राचा पाया आहे. यातला पहिला भाग, म्हणजे कचेरीच्या नावाखाली कागद एकत्र ठेवण्याचा, फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने घालून दिला. आपल्याकडे पेशवे दफ्तर कापडी रुमालांत बांधलेले असे. असा रुमाल सोडून कागद इकडेतिकडे केले की कोणते पत्र कोणत्या पत्राचे उत्तर होते, हे कळायची सोय राहत नाही. वसतिगृहाच्या फायलीतले एखादे पत्र चांगले म्हणून काढून ‘थोरांची पत्रे’ या फायलीत घातले तरी तेच होते.

कागदाचे शत्रू घरगुतीच आहेत. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत, वाळवी, कसर, गंजणाऱ्या टाचण्या. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढावे, जमिनीपासून उचलून घ्यावे. टाचण्या अलगद काढून सुती फीत बांधावी. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. काही वर्षांत ती पिवळी पडते, निघून येते आणि तिचा गोंद अक्षरांसह कागदात मुरलेला असतो. सर्वांत मोठा धोका मात्र किडीचा नाही. तपासणीसाठी समिती येणार म्हणून खोल्या रिकाम्या होतात, भिंती रंगवल्या जातात, आणि त्या गडबडीत जुनी बाडे कोणी न पाहता ट्रकमध्ये चढतात.

छायाचित्रांचे काम तातडीचे असते. स्नेहसंमेलनाच्या फोटोखाली ‘बसलेले’ आणि ‘उभे’ अशी नावे असतील तर ठीक. नसतील तर ओळखणारी माणसे हयात आहेत तोवरच ती मिळतात. निवृत्त शिपाई आणि प्रयोगशाळा परिचर यांना प्राध्यापकांपेक्षा जास्त चेहरे आठवतात, कारण त्यांनी तीस-पस्तीस वर्षे तोच दरवाजा सांभाळलेला असतो. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. नावे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, हात न दाबता लिहावीत. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

स्कॅन केलेली प्रत वापरायला सोयीची असते, पण म्हणून मूळ वही टाकायची नसते. प्रतीही दोन-तीन ठिकाणी, त्यातली एक इमारतीबाहेर ठेवावी लागते. अलीकडच्या वर्षांचे दफ्तर तर जुन्यापेक्षाही नाजूक आहे. प्रवेश ऑनलाइन, सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर, हिशेब एखाद्याच्याच संगणकावर. तो संगणक बदलला की एका वर्षाचे सगळे कामकाज जाते. म्हणून वर्षअखेरीस मुख्य सूचना, सभांची इतिवृत्ते आणि प्रवेशयाद्या छापून, बांधून कपाटात ठेवणे इष्ट.

दफ्तर अभ्यासकांना खुले असावे, पण सरसकट नाही. जातीची नोंद, गुण, शिस्तभंगाची कागदपत्रे हयात व्यक्तींची असतात. ती ठरावीक वर्षे बंद ठेवून बाकीची यादी वाचनालयात मांडावी. कोणती वही कोणी, केव्हा पाहिली, याची नोंद ठेवावी, आणि ती नोंदवहीही दफ्तरातच जपावी.