पार्किंगमधली जुनी फियाट

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला 'माझा छंद' यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. माझा छंद तुम्ही रोज पाहता. पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असते ती प्रीमियर पद्मिनी. आम्ही जुने लोक तिला फियाटच म्हणतो. नंबर एमएच ३० चा. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, गाडी त्याच्या आधीची, म्हणून पाटीवर अजून अकोलाच आहे.

पोरं तिला 'डबा' म्हणतात. पण मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर मोटारींच्या शर्यती होत, तिथे याच घराण्यातल्या फियाट पळत असत, हे सांगितलं की जरा गप्प होतात! इंजिन १०८९ सीसीचं. बॉनेट उघडलं की कार्बोरेटर, पेट्रोलपंप, डिस्ट्रिब्युटर, सगळं डोळ्यांसमोर. कॉम्प्युटर कुठेच नाही. म्हणूनच जन्मभर लेजर लिहिलेल्या माझ्यासारख्या बी.कॉम. माणसाला ती साठीनंतर शिकता आली.

शिकलो ते हौसेनं नाही, गरजेनं. माझे जुने मिस्त्री थकले आणि नव्या पोरांना पॉइंट म्हणजे काय ते माहीत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

पहिला धडा मेडशी-पातूर घाटात मिळाला. मे महिना, दुपारचा एक. गाडी चढावर गचके देत बंद पडली. मी घामाघूम होऊन स्टार्टर मारतोय. एक ट्रकवाला उतरला, बॉनेटमध्ये पाहून म्हणाला, "काका, काई नाई झालं, पंप तापला." पाण्यात फडकं भिजवून त्यानं पंपावर ठेवलं. पंधरा मिनिटांनी गाडी सुरू! उष्णतेनं नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही, एवढंच ते. तेव्हापासून उन्हाळ्यात फडकं आणि पाण्याची बाटली गाडीत असतेच.

नंतर एकदा इंजिन मिसफायर करू लागलं. मी एका दिवसात प्लग बदलले, पॉइंट बदलले, कार्बोरेटरही खोलला. गाडी आणखी बिघडली आणि नेमकं कशानं ते कळेना. बँकेत ताळेबंद जुळत नसताना एकदम तीन नोंदी खोडल्या असत्या तर मॅनेजरनं मला उभा केला असता. तरी घरी मी तेच केलं! आता वही ठेवली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तारीख आणि किलोमीटर लिहायचे, गाडी फिरवून पाहायची, मगच पुढची. त्या वेळी दोष निघाला कंडेन्सरचा. इवलीशी वस्तू.

आता जे सांगणार आहे ते आजवर मोकळेपणानं बोललो नव्हतो.

पाच-सहा वर्षांपूर्वी मी मागचे व्हील सिलिंडर बदलले. ते बदलले की ब्रेकच्या पाइपातली हवा काढावी लागते. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी निपल सैल करून बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल घट्ट झाल्यावरच पेडल सोडायचं. सुरुवात सगळ्यात लांबच्या चाकापासून. पेडलवर आमची सौ. होती. "दाब" मी सांगितलं, "धरून ठेव" सांगायचं राहिलं. निपल उघडं असतानाच पेडल सुटलं आणि हवा परत आत गेली. मला पत्ता नाही. हात धुतले आणि गाडी फाटकाकडे घेतली.

तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. एक जण चेंडूमागे समोर आला. मी ब्रेक दाबला, पाय थेट तळाला गेला. हँडब्रेक ओढला. गाडी हळू होती म्हणून थांबली, पोरापासून चार हातांवर. तो चेंडू घेऊन पळालाही, त्याला काही कळलंच नाही. मी मात्र बराच वेळ गाडीतच बसून होतो. घरी आल्यावर सौ. म्हणाली, "माझं चुकलं का हो?" चूक माझी होती. तिला काय करायचं ते मी पुरतं सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून ब्रेकचं काम झालं की आधी गाडी उभी असतानाच पेडल दहा वेळा दाबून पाहतो. मग मुलं शाळेत असताना आवारात पायी चालण्याच्या वेगानं फिरवतो. आणि मिस्त्रींना घरून बोलावून आणतो. ते खुर्चीवर बसून नुसतं पाहतात, पण पाहतात. त्यांनी मान हलवल्याशिवाय गाडी रस्त्यावर जात नाही. बाकी इंजिनाशी काय वाटेल ते प्रयोग करा, फार तर गाडी बंद पडेल. ब्रेकच्या बाबतीत तसं नाही.

पार्किंगमधल्या तेलाच्या डागांबद्दल सर्वसाधारण सभेत जे बोलणं झालं ते रास्तच होतं. आता खाली ट्रे असतो. खर्चाचं विचाराल तर १ एप्रिल २०२२ ला जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली होती. ती भरताना सौ. माझ्याकडे कशी पाहते ते इथे सांगत नाही.

एक विनंती. येत्या रविवारी सकाळी आठला ब्रेक ऑइल बदलायचं आहे. गुडघ्यांमुळे सौ.ला आता पेडल दाबवत नाही. "धर" म्हटल्यावर धरून ठेवणारं कुणी हवंय. मुलगी असो, मुलगा असो, चालेल. चहा-पोहे आमच्याकडे.