संख्येचा संस्कार घरातच
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



श्लोक, शिस्त आणि आचार हा घरचा संस्कार, तर अक्षरे आणि अंक ही शाळेची जबाबदारी, अशी एक सोयीची वाटणी आपण करून टाकली आहे. मला आज सांगायचे आहे ते एवढेच की, संख्येची ओळख हाही घरचाच संस्कार आहे. स्वयंपाकघरात आणि अंगणात तो जितका सहज होतो, तितका फळ्यासमोर होत नाही.

प्रथम एक भेद लक्षात घेऊ. अंक म्हणणे वेगळे आणि मोजणे वेगळे. चार वर्षांचे मूल पाहुण्यांसमोर एक ते शंभर अंक धडाधड म्हणते आणि आपण कौतुकाने पाहतो. त्याच मुलाला डब्यातून सात शेंगदाणे आणायला सांगा. पुष्कळदा ते मूठभर दाणे घेऊन येते. मोजताना प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द द्यावा लागतो, शब्दांचा क्रम मोडून चालत नाही आणि अखेरचा शब्द ही सर्व वस्तूंची मिळून संख्या असते. शाखेत रोज संख्या घेतली जाते तेव्हा कोणी सुटत नाही आणि कोणी दोनदा मोजला जात नाही. मुलालाही नेमके हेच शिकायचे असते. सात दाणे मोजून झाल्यावर ‘किती झाले?’ असे विचारताच ते पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तर तिसरी गोष्ट अजून उमगायची आहे, असे समजावे. तेच दाणे दूर दूर मांडले की ‘आता जास्त झाले’ असेही ते म्हणेल. अशा वेळी रागावू नये. पुन्हा जवळ आणून मोजू द्यावे.

दुसरा मुद्दा भाषेचा. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीने ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष कै. मंगला नारळीकर यांनी या बदलामागची भूमिका मांडली होती. बदल मान्य असो वा नसो, मुलांची अडचण खरी आहे. ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना मात्र दोन आधी लिहावे लागतात. म्हणून मूल ५२ लिहून मोकळे होते. परंपरेचे शब्द टिकावेत असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांच्यावर ते मुलांना समजावून देण्याचे दायित्व अधिक आहे. पुस्तकावर टीका करणे सोपे आहे, रोज दहा मिनिटे मुलाजवळ बसणे अवघड.

उपाय मात्र घरातच आहे. खराट्याच्या काड्या घ्या. दहा-दहांची जुडगी बांधा. दोन जुडगी आणि पाच सुट्या काड्या मुलाच्या हाती दिल्या की पंचवीस त्याला दिसतात. तीन जुडग्यांतून एक काडी काढून घ्या; तीसला एक उणे, म्हणून एकोणतीस. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच रीत आहे, नव्याण्णव तेवढे वेगळे. हे एकदा हाताने कळले की पाठांतराचा भार हलका होतो. पाठांतर टाकाऊ नाही, ते समजुतीच्या मागोमाग यावे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला ताटे मांडू द्यावीत. घरात माणसे पाच, वाट्या चार, तर किती कमी? जिना चढताना पायऱ्या मोजाव्यात. पुढे सागरगोटे आणि सापशिडी. फाशावरचे ठिपके न मोजता ओळखता येणे ही मोठी मजल आहे. पोळीचे चार भाग करताना पाव, अर्धा, पाऊण हे शब्द उच्चारावेत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी ही आपल्या जुन्या उजळणीची दौलत तिथूनच पुन्हा उमलू शकेल.

एक नवी अडचणही ध्यानात घ्यावी. आता आपण मोबाइलने पैसे देतो. नाणी मोजणे, मोड घेणे, उरलेले परत आणणे हा व्यवहार मुलांच्या दृष्टीआड झाला आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तरी मुलाच्या हाती दहा रुपयांची सुटी नाणी देऊन त्याला कोथिंबीर आणायला सोबत न्यावे.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५० सालची. शून्याचा आणि लीलावतीचा अभिमान आपण व्यासपीठावरून सांगतो. त्या ग्रंथाच्या प्रारंभी काय आहे? वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, अशी बाजारातली मापे! पुढे उदाहरणांत भुंगे येतात, हंस येतात. एवढा मोठा गणिती रोजच्या व्यवहारातून आरंभ करतो, ही गोष्ट आपण उचलली पाहिजे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचन आणि अंकज्ञान यावे, असे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंतचे ठेवले. एकट्या शाळेच्या बळावर हे होणे कठीण. सेवावस्तीतील भाजी विकणारी माता तोंडी हिशेबात आपल्यापेक्षा तरबेज असते. नसतो तो तिच्याजवळ वेळ. तिथे कार्यकर्त्यांनी मूठभर चिंचोके घेऊन संध्याकाळी अर्धा तास बसावे. याला निधी लागत नाही, इमारतही लागत नाही.

घरात मात्र दोन पथ्ये पाळावीत. भावंडांची तुलना करू नये आणि मूल कंटाळले की तिथेच थांबावे. आज रात्री जेवणाची ताटे मुलाला मांडू द्या, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.