पाणी बघून गळ टाकावा

मंडळी, पाबळचं नाव निघालं की कुणाला मस्तानीची कबर आठवते, कुणाला माळरान आठवतं. मासे काही कुणाला आठवत नाहीत, आणि त्यात नवल नाही. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. इथं माणसाला प्यायला पाणी पुरताना मारामार, तिथं माशांची गोष्ट कोण काढतो?

पण जरा हिशेब मांडून बघा. केंदूरला वेळ नदीवर थिटेवाडीचं धरण आहे. चिंचणीला घोड धरण आहे. गावोगाव पाझर तलाव आहेत आणि अलीकडं शेततळी झाली आहेत. दौंडच्या खालच्या अंगाला तर 1980 साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाचं भीमेच्या पात्रातलं फुगवट्याचं पाणी पसरलेलं आहे. एवढ्या तऱ्हेचं पाणी जवळपास असताना गळ मात्र आपण सगळीकडं एकाच रीतीनं टाकतो. तासभर बसतो, काही लागलं नाही की नशिबाला बोल लावून उठतो. यात नशिबाचा भाग थोडा आणि पाण्याचा फार.

आधी एक व्यवहाराची गोष्ट. तलाव सरकारी असला तरी त्यातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडं ठेक्यानं दिलेली असते. तेव्हा विचारल्याशिवाय काठावर बसू नये.

आता पाणी कसं बघायचं ते सांगतो. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. पाणी जितकं तापेल तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. दिवसा शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात, पण रात्री त्या स्वतःच तो खातात. म्हणून उन्हाळ्यात पहाटेच्या वेळी प्राणवायू सगळ्यात कमी असतो. एप्रिल-मे महिन्यात उजाडताना तलावावर गेलात आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, तर 'आज मासा चारा शोधतोय' असं समजून गळ टाकत बसू नका. तो चारा शोधत नाही, श्वासासाठी तडफडतो आहे. कणकेची गोळी त्याच्या तोंडापुढं धरली तरी तो घ्यायचा नाही. दिवस वर येऊन पाण्यात प्राणवायू भरेपर्यंत थांबावं हे बरं.

थंडीत याच्या उलट. पौष महिन्यात चिलापी गारठून खोल पाण्यात मंदावते. पहाटे उठून तिच्यासाठी कुडकुडत बसण्यात शहाणपण नाही. चांगलं न्याहरी करून अकराच्या सुमाराला जा. तोवर उथळ काठाचं पाणी उन्हानं कोमट होतं आणि चिलापी तिथं सरकते. बारीक गळ, त्याला गांडुळाचा तुकडा, आणि तरंगा हलला की लगेच ओढायचं. ती आमिष कुरतडून पसार होण्यात तरबेज आहे.

कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, आणि मृगळ तळाशी. कटल्याचं खाणं म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. वारा एकाच दिशेनं वाहत राहिला की वरचं पाणी आणि त्यातलं हे खाणं पलीकडच्या काठाला ढकललं जातं, आणि कटला त्याच्यामागं जातो. म्हणून वारा पाठीवर घेऊन आरामात बसणारा रिकाम्या हातानं परततो. तोंडावर वारा येईल असा काठ धरावा.

मरळीची गोष्ट निराळी. ती हवेतूनही श्वास घेते, म्हणून गढूळ, कोंदट डबक्यातही टिकते. लव्हाळ्याच्या कडेला ती दबा धरून असते आणि मधूनच वर येऊन हवा घेते. तिथं पाण्यावर वलय उठतं. त्या वलयावर नेमकं आमिष आदळू नका, ती बिचकते. थोडं पुढं टाकून हळूहळू ओढत आणा. बेडूक किंवा लहान मासा तिला आवडतो. शिवडा आणि शिंगाळा हे मिशाळ मासे. दिवसा ते तळाशी पडून राहतात, आणि अंधार पडला की मिशांनी चाचपत, वासावर निघतात. त्यांना कोंबडीचं आतडं लावावं, दोरीला शिसं बांधून आमिष तळाला बसवावं, आणि गळ काढताना शिंगाळ्याच्या पंखाचा काटा सांभाळावा.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय त्या मुद्द्यावर येतो. मासा कुठं काढावा आणि कुठं सोडावा?

पाझर तलाव उन्हाळ्यात आटतोच. कटला, रोहू, मृगळ यांना वीण घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या तलावात ते वीत नाहीत. त्यांचं बीज बाहेरून आणून सोडावं लागतं. असं बीज मिळण्याची सोय झाली ती डॉ. हिरालाल चौधुरी यांच्यामुळं. 10 जुलै 1957 या दिवशी ओरिसात त्यांनी माशांना पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेतली. तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटत्या तलावातून मासा काढताना हात आखडू नका. आणखी वाढेल म्हणून मेपर्यंत ठेवलेला मासा बरेचदा एका ढगाळ रात्रीत, नाहीतर वळवाच्या एका सरीनं तळाचा गाळ ढवळला की उलटा होऊन तरंगतो. मग ना तो खायला, ना विकायला.

(चिलापीला हा नियम लागू नाही. 1952 साली आपल्या देशात आलेला हा आफ्रिकी मासा. मादी अंडी तोंडात धरून उबवते, त्यामुळं साचल्या पाण्यातही तिचं गोकुळ वाढत राहतं. ती काढाल तितकी थोडीच.)

नदीत आणि धरणाच्या तोंडाशी मात्र आषाढात हात आवरा. पहिला लोंढा आला की मासे पोटात अंडी घेऊन प्रवाहाविरुद्ध ओढ्या-नाल्यांत चढतात. याला वलगण म्हणतात. त्या वेळी गुडघाभर पाण्यात काठीनंसुद्धा मासा मारता येतो, आणि लोक मारतातही. एका मोठ्या मादीच्या पोटात लाखांनी अंडी असतात हे तिच्यावर काठी उगारताना ध्यानात ठेवा. मरळीचंही तसंच. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिल्लांचा घोळका दिसला की खाली आईबाप राखणीला असतात. ते काढलेत की तासाभरात बाकीचे मासे पिल्लांचा फडशा पाडतात.

शेततळ्यात आफ्रिकन मांगूर पाळू नका. त्याच्यावर बंदी आहे, आणि तळं फुटून तो ओढ्यात उतरला की आपल्या माशांना खातो.

गुरुजींसाठी एक प्रयोग आहे. मासे सोडलेल्या तळ्यात हात कोपरापर्यंत बुडवा. कोपर बुडाल्यावरही पंजा स्पष्ट दिसला तर पाण्यात माशाचं खाणं कमी आहे. मनगट बुडण्याआधीच पंजा दिसेनासा झाला तर पाणी फार दाट झालं आहे, आणि पहाटे मासे वर येण्याचा धोका आहे. हिरवट पाण्यात पंजा कोपराच्या आसपास दिसेनासा झाला की पाणी बेताचं समजा. मुलांना दर आठवड्याला याची नोंद करू द्या. मात्र प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यावर हात बुडवण्याचं काम तुम्ही स्वतः करा, मुलांना कडेला जाऊ देऊ नका. तो कागद शेवाळानं इतका निसरडा होतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. ज्याचं तळं असेल त्याला सांगून चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून ठेवा, आणि त्यांची वरची टोकं खुंट्यांना पक्की बांधा.