पक्ष्याला घातलेला वळसा
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



मला ‘अविस्मरणीय प्रवास’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत जन्म गेला, त्यामुळे वेळ पाळीन.

2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीबरोबर गॅलापागोस बेटांवर गेलो. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरपासून सुमारे हजार किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात, विषुववृत्तावरच ही ज्वालामुखीतून तयार झालेली बेटं आहेत. 1835 मध्ये डार्विन तिथे गेला होता, हे आपण शाळेत शिकलो. विमानात बसण्याआधीच सामान तपासलं. बाहेरचं बी-बियाणं बेटांवर नेता येत नाही, म्हणून हिची बडीशेपेची डबी तिथेच राहिली. “अहो, भाजलेली आहे!” असं ही मराठीत सांगत होती. उपयोग झाला नाही.

पुढचे आठ दिवस शिडाच्या बोटीवर काढले. सोळा प्रवासी आणि एक गाईड. बोट रात्री एका बेटाहून दुसऱ्या बेटाकडे निघायची. वारा मिळाला की इंजिन बंद, मग नुसता पाणी कापल्याचा आवाज. पहिल्या दोन रात्री मी उलट्या करण्यात घालवल्या, हे ही तुम्हाला सांगणारच आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो. बेटावरून परतलो की पाय आणि चपला धुवायच्या, कारण एका बेटाची वाळू दुसऱ्यावर जाता कामा नये.

तिथले प्राणी माणसाला घाबरत नाहीत, बरं का. समुद्रसिंहाचं पिल्लू पायाशी येऊन हुंगतं. आपण मात्र हात लावायचा नाही, सहा फूट लांब राहायचं. घोरपडीसारखे दिसणारे काळे इग्वाना समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात, मग उन्हात बसून नाकातून मीठ शिंकरतात.

एस्पान्योला बेटावर पाऊलवाटेच्या मधोमध निळ्या पायांचा बूबी पक्षी बसला होता. तो अंडी पावलांनी उबवतो. गाईडने हात आडवा धरला आणि आम्ही सोळाच्या सोळा जण खडकांवरून वळसा घालून गेलो. पक्षी जागचा हलला नाही.

त्याच बेटावरची महाकाय कासवं जुन्या काळी खलाशांनी खाण्यासाठी जहाजं भरभरून नेली. उरलेल्यांचा चारा माणसांनी आणलेल्या शेळ्यांनी फस्त केला. शेवटी बारा माद्या आणि दोन नर एवढीच शिल्लक राहिली. ही चौदा उचलून दुसऱ्या बेटावर सांभाळली, आणखी एक नर अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून आणला. त्यांची सुमारे दोन हजार पिल्लं एस्पान्योलावर सोडली गेली. 2020 मध्ये ही पंधराही कासवं घरी परतली. मुद्दल चौदा असलं तरी हात न लावता जपलं, तर खातं उभं राहतं.

आता जे सांगायचं आहे, त्यासाठीच मी उभा राहिलो. 2009 मध्ये मी सेक्रेटरी होतो. गेटजवळच्या रेन ट्रीवर बगळ्यांची घरटी होती. गाड्यांवर घाण पडते म्हणून तक्रारी आल्या. मी परवानगी काढली आणि जुलैमध्ये फांद्या तोडून घेतल्या. कागदपत्रं चोख होती. खाली पिल्लं पडली. बी विंगच्या मुलांनी ती खोक्यात गोळा केली, अकरा होती. संध्याकाळपर्यंत दोनच जिवंत राहिली. त्यातला एक मुलगा मला म्हणाला, “काका, थोडं थांबता आलं नसतं?” मी त्याला ओरडून घरी पाठवलं.

त्या बूबीला वळसा घालताना मला ते खोकं आठवलं. बोटीवर आल्यावर हिला सांगितलं, आज तुम्हाला सांगतोय. तो मुलगा आता मोठा झाला असेल. इथे असेल, तर त्याने मला माफ करावं.

बगळे दोन वर्षांपूर्वी परत आले आहेत. माझी एकच विनंती आहे. झाडाची छाटणी हिवाळ्यात उरकावी. जून ते ऑक्टोबर त्या झाडाला कोणी हात लावू नये, असा ठराव करावा. गाड्यांना कव्हरं घालू. पहिल्या दहा कव्हरांचे पैसे मी देतो.

दहा मिनिटं झाली.